पिशवी प्रकल्प : उन्हाळी सुट्टीची नोंदवही

२७ एप्रिल २०२५, रविवार

दुपारी फोडणी द्यायच्या वेळी लक्षात आलं, कोथिंबीर संपलीय. समोरच्या खोलीतला, यंदा नववीत जाणारा मुलगा गॅलरीत मोबाइल बघत बसला होता. म्हटलं, "अरे, खालून दहाची जुडी आणतोस का?" मान वर न करता म्हणाला, "मावशी, मागवू का? आठ मिनिटांत येईल." भाजीवाली आमच्या जिन्याच्या तोंडाशीच बसते. बेचाळीस पायऱ्या, मोजल्यात मी.

मुलगा आळशी नाही. क्रिकेटसाठी दिवसातून दहादा तोच जिना उतरतो. पण भाजीवालीशी चार शब्द बोलून काही आणायचं असतं, हे त्याच्या गावीच नाही. त्याच्या वयाची असताना मी रॉकेलचा डबा घेऊन रांगेत उभी राहायचे आणि गिरणीत दळण टाकायचे. "आधी कुणाचं बेसन दळलं असेल तर थांब, नाहीतर पोळ्या पिवळ्या होतात," हे आईने दारातूनच ओरडून सांगितलेलं. आईला आमच्यावर संस्कार-बिंस्कार करायचे नव्हते. तिला चुलीपुढून उठता यायचं नाही म्हणून ती आम्हाला पिटाळायची. त्या पिटाळण्यात सुटे सांभाळणं आलं, अनोळखी माणसाला विचारणं आलं, "नाही" ऐकून रिकाम्या हाताने परत येणंही आलं. आता पिटाळणंच बंद पडलंय. आईबाप दोघं कामावर, रस्त्यावर गाड्यांची रीघ, सामान दारात. दोष कुणाला द्यायचा? पण धडा बुडाला तो बुडालाच.

आणि पुनर्विकासात आमची लालबागची ही चाळ दोन-तीन वर्षांत जाईल. मुलं तिसाव्या मजल्यावर राहतील. तिथे जिन्याच्या तोंडाशी कोण बसणार आहे?

संध्याकाळी वायरमन काकांशी बोलले. (तेही निवृत्त, मीही निवृत्त. मी चौतीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर होते, ते आयुष्यभर लोकांच्या मीटरपेट्या दुरुस्त करत होते.) ठरलं ते असं : सुट्टीभर चाळीतली मुलं घ्यायची आणि त्यांना रोज कशासाठी तरी पाठवायचं. शिकवायचं नाही, पाठवायचं.

२ मे, शुक्रवार

मंडळाची खोली संध्याकाळी पाच ते साडेसहा मिळाली. अकरा मुलं, वयं नऊ ते चौदा. माझ्या पेन्शनमधले १५०० रुपये डब्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंनी जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवून दिल्या, प्रत्येकाला एक. नाव आपोआप पडलं : पिशवी प्रकल्प. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षात दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. आमच्याकडेही दप्तर नाही, फक्त पिशवी.

भाची शिक्षिका आहे. तिने जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांचा कागद पाठवला : स्वतःची जाणीव, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, संवाद, नातेसंबंध, ताण हाताळणं, भावना हाताळणं. भिंतीवर लावला. वायरमन काका चष्मा वर करून बराच वेळ वाचत उभे राहिले आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे, पण यात फ्यूज कुठाय?"

नियम तीन. काम करताना मुलाकडे मोबाइल नाही. मोठं माणूस मागे असेल, पण दहा पावलं लांब आणि तोंड बंद. परत आल्यावर हिशेब पैशापर्यंत.

आज नोटा. अकरापैकी सात मुलांनी गेल्या महिन्यात एकदाही स्वतःच्या हाताने नोट देऊन काही घेतलेलं नाही. कोणत्या नोटेमागे काय, ते विचारलं. वीसच्या मागे वेरूळ, पन्नासच्या मागे हंपीचा रथ, शंभरच्या मागे राणीची वाव, पाचशेच्या मागे लाल किल्ला. चष्मेवाली (वय अकरा) सोडून कुणालाच येईना. मग डोळे मिटून पाचशेच्या कडेच्या पाच उठावाच्या रेघा चाचपायला लावल्या, नोट तिरपी करून हिरवा धागा निळा होताना दाखवला. धाकटी, वय नऊ, ती नोट परत द्यायलाच तयार नव्हती.

४ मे, रविवार

पहिली पाठवणी. प्रत्येकाला पन्नास रुपये आणि घरचा एक जिन्नस.

मी समोरच्या मुलाच्या, म्हणजे कोथिंबीरवाल्याच्या, मागे होते. काम : मेथीची एक जुडी आणि पाव किलो टोमॅटो. गाडीपुढे जाऊन उभा राहिला. भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. तो थांबला. तिसरं गिऱ्हाईक आलं, त्याच्या खांद्यावरून हात घालून काकडी घेऊन गेलं. चौथं आलं. माझ्या घड्याळात सहा मिनिटं झाली. शेवटी तिनेच विचारलं, "काय रे राजा, काय पायजे?" त्याने बोट दाखवलं. शब्द नाही, बोट. तिने बोटाच्या दिशेची जुडी पिशवीत टाकली. टोमॅटो तिनेच निवडले. पैसे दिले, उरलेले मुठीत घेतले, न मोजता निघाला.

घरी आईने पिशवी उघडली तर शेपू.

शाळेत हा मुलगा वक्तृत्वात बक्षीस घेतो. टिळकांवर सलग सात मिनिटं बोललाय, मी स्वतः ऐकलंय. पण "मावशी, मेथी कितीला?" हे तीन शब्द कुणी त्याच्याकडून पाठ करून घेतले नव्हते. भिंतीवरच्या कागदावरचा "संवाद" तो हाच असेल तर त्याची सुरुवात भाषणापासून होत नाही, एवढं मला आज कळलं.

चिवडेवाल्यांचा मुलगा मात्र तरबेज. त्याने नारळ कानाशी हलवून घेतला, वर दोन रुपये कमी करून आणले. दुकानात वाढलाय.

बँकेत आमच्या खिडकीवर पाटी असायची, पैसे मोजल्याशिवाय काउंटर सोडू नये. तीच पाटी उद्यापासून खोलीच्या दारावर.

७ मे, बुधवार

आज देशभर नागरी संरक्षणाचा सराव. मुंबईत मुख्य सराव क्रॉस मैदानावर. मुलांना भोंग्याचं अप्रूप, मोठ्यांच्या पोटात गोळा. पाठवणी रद्द. त्याऐवजी क्रमांक पाठ : ११२ कुठल्याही संकटाला, १०८ रुग्णवाहिका, १०१ आग, १९१६ पालिकेची आपत्कालीन मदत, १०९८ मुलांसाठी. शेवटचा १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाला. मग विचारलं, आईचा नंबर? अकरापैकी चार जणांना येत होता. बाकीच्यांचं उत्तर एकच, "मोबाइलमध्ये सेव्ह आहे."

९ मे, शुक्रवार

आजच्या दिवसात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींची तयारी माझी नव्हती.

आठवीत जाणाऱ्या मुलीला (वय तेरा) दादरला पाठवायचं होतं, टीटी चौकापाशी असलेल्या दुकानातून काकांच्या टेस्टरचा स्क्रू आणायला. बसने जाऊन बसने परत. मी तिला स्क्रूचे पैसे वेगळे आणि तिकिटाचे दहा रुपये दिले, जायचे पाच, यायचे पाच. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आजपासून दहा." बेस्टचं किमान भाडं आजच पाचाचं दहा झालं. सकाळच्या पेपरात होतं, मी वाचलंही होतं, आणि तरी तिच्या हातावर दहाचं नाणं ठेवलं. म्हणजे नापास व्हायचंच असेल तर पहिली मी.

मागच्या सीटवर बसून मी गप्प. नियम माझाच. स्क्रूच्या पैशांना तिने हात लावला नाही. स्क्रू घेतला, दुकानदाराला विचारलं, "काका, लालबागला चालत कसं जायचं?" आणि हिंदमाता, परळ, भारतमाता करत निघाली. दोन ठिकाणी विचारलं, दोन्ही वेळा बायकांना. तिच्या मागून माझे गुडघे. पाऊण तास. चाळीपाशी पोचल्यावर मागे वळून म्हणाली, "मावशी, तुम्ही बसने का नाही आलात? तुमच्याकडे पैसे होते की."

खोलीत येते तर दुसरा गोंधळ. सीमेवरच्या बातम्यांनी सगळ्यांचे मोबाइल तापलेत, आणि त्यात संदेश फिरतोय : एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार. चार मुलांच्या घरी आला होता. एका घरात आजीने पैसे काढून आणायला मुलाला पिटाळलंही. मी म्हणू शकले असते की मी बँकेत होते, हे खोटं आहे. पण मग ते माझ्यावर विश्वास ठेवायला शिकले असते, पडताळायला नाही. म्हणून दोघांना नाक्यावर पाठवलं, एटीएम चालू आहे का बघून या. आणि दोघांना सांगितलं, सरकारची पीआयबी (पत्र सूचना कार्यालय) अशा संदेशांची शहानिशा करते, तिथे काय लिहिलंय ते शोधा.

पीआयबीने खोटं ठरवलेलं सापडलं. नाक्यावरून बातमी आली, एटीएम चालू आहे पण रांग जिलेबीसारखी. चष्मेवालीने विचारलं, "मावशी, रांग अफवेमुळे लागली. पण रांगेमुळे पैसे संपले तर अफवा खरी होईल ना?"

चौतीस वर्षं बँकेत काढून मला हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नसतं. तिला म्हटलं, होईल. म्हणून तर पुढे पाठवायचा नसतो.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. भरतीची वेळ काढायला शिकवली, कोकणातला ठोकताळा : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पालिकेचा तक्ता अचूक. मुलांना पाऊणकी (पाऊणचा पाढा) येत नाही, शाळेत नाही. तासाभरात आली, कारण उत्तर समुद्रात बघायला मिळणार होतं.

१४ मे, बुधवार

वायरमन काकांचा दिवस. त्यांनी पाठ असा केला नाहीच. जुना शेगडीचा रेग्युलेटर आणि रिकामं सिलिंडर मधे ठेवलं आणि म्हणाले, "घरात कुणी नाही. वास आला. आता?"

"पंखा लावायचा," तिघं एकदम.

काकांनी डोक्याला हात लावला. मग एकेकाला जमिनीवर पालथं झोपवलं आणि विचारलं, वास आधी कुणाला येईल, उभ्याला की झोपलेल्याला? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. मुळात त्याला वास नसतोच, तो मुद्दाम घातलेला असतो. बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड, सगळ्यांनी बाहेर, आणि बाहेर जाऊन १९०६. पाइपचा गॅस मात्र हलका, तो वर जातो. नव्या इमारतीत पाइप असेल, तेव्हा हे उलटं लक्षात ठेवायचं, हेही त्यांनी घोकून घेतलं.

धाकटीचा हात रेग्युलेटरवर पुरेना. दोन्ही हातांनी धरला तरी खटका फिरेना. काका मदतीला वाकले नाहीत. तिने खाली बसून पायांत सिलिंडर धरलं, ओठ चावला, आणि खट्. तो आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला. मग ती पुन्हा चालू-बंद करत राहिली, सोळा वेळा. चष्मेवालीने मोजलं.

२०२० च्या डिसेंबरात गणेश गल्लीत सिलिंडरचा स्फोट झाला तेव्हा ही चार-पाच वर्षांची असेल. मोठ्या मुलांना तो आवाज आठवतो. कुणी बोललं नाही, पण आज कुणी खिदळलंही नाही.

१८ मे, रविवार

ही नोंद रात्री साडेअकराला लिहितेय. हात अजून थरथरतोय, अक्षर तसंच.

काम : दादरहून करी रोडला लोकलने एकट्याने यायचं. मुलगा बारा वर्षांचा, आमचा गोलकीपर. मी दहा पावलं मागे. वडिलांनी त्याला घरून फलाटाचा नंबर पाठ करून पाठवलं होतं, जुना. दादरचे नंबर २०२३ च्या डिसेंबरात बदलले. आता १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्यचे. त्याने पाटी पाहिली, गोंधळला, एका हमालाला विचारलं, बरोबर बाजूला आला. मी मनात शाबास म्हटलं. मग फलाटावर उभा राहून त्याने इंडिकेटर पाहिला : सीएसएमटी, आणि वेळ. गाडी आली, तो चढला.

ती जलद होती. जलद गाडी करी रोडला थांबत नाही, चिंचपोकळीलाही नाही. दादरनंतर थेट भायखळा. मला हे कळलं तेव्हा दारात गर्दीचा लोंढा होता आणि मी दहा पावलं मागे. पाचव्या पावलाला गाडी हलली.

फलाटावर मी एकटी. मुलाकडे मोबाइल नाही. का नाही, तर माझा नियम. आयुष्यात कॅश पन्नास हजारांनी कमी आली होती तेव्हाही असं झालं नव्हतं. फलाटावरच्या रेल्वे सुरक्षा दलाच्या महिला शिपायाकडे धावले. तिने पुढे वायरलेसवर कळवलं आणि मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. मागची धीमी पकडून करी रोडला आले, कारण त्याला जे माहीत होतं ते ठिकाण तेवढंच.

पंचवीस मिनिटांनी तो भायखळ्याकडून आलेल्या धीम्या गाडीतून उतरला. बनियन दिसेपर्यंत शर्ट घामाने भिजलेला, पण चालणं साधं. त्याने सांगितलं ते असं : करी रोड खिडकीतून गेलं तेव्हा पोटात धस्स झालं. शेजारच्या काकांना विचारलं, ते म्हणाले आता भायखळा, उतर आणि उलट्या बाजूला जा. भायखळ्याला उतरल्यावर आठवलं की तिकीट करी रोडपर्यंतचंच आहे. म्हणून पुलावर टीसी दिसले तर आपणहून त्यांच्याकडे गेला. "सर, मी चुकून पुढे आलो. दंड किती?" टीसींनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाले, "धीमी कुठली कळते का?" आणि इंडिकेटरवरचं अक्षर दाखवलं. दंड नाही.

"मावशी, तुम्ही रडताय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, घाम आहे.

१९ मे, सोमवार

सकाळी गोलकीपरच्या आईने दार वाजवलं. आत आली नाही, उंबऱ्यातच बोलली. "तुम्हाला पोर असतं तर कळलं असतं." चाळीत एवढ्या वर्षांत हे वाक्य कुणी तोंडावर बोललं नव्हतं. बोलली ते बरं झालं म्हणण्याइतकी मी मोठी नाही.

पण तिचा अर्धा मुद्दा खरा आहे. मी मुलाला पाठवलं, आणि हरवल्यावर काय करायचं ते सांगितलं नाही. आमच्या लहानपणी गिरणीपर्यंतच्या रस्त्यावर दहा ओळखीची माणसं असायची. गिरणीवाल्याला वडिलांचं नाव ठाऊक. पिटाळणं सुरक्षित होतं ते आईच्या शहाणपणाने नव्हे, त्या दहा माणसांनी. भायखळ्याच्या पुलावर तशी माणसं नाहीत. ती आता मुलाला स्वतः निवडावी लागतात, आणि कुणाला निवडायचं ते आधी सांगायला हवं : गणवेशातला माणूस, स्टॉलवाला, मुलं बरोबर असलेली बाई.

संध्याकाळी सगळ्या पालकांना बोलावलं, माफी मागितली. बदल : प्रत्येकाला दोन मोबाइल नंबर पाठ, रोज विचारणार. ठरलेलं ठिकाण चुकलं तर पुढच्या स्टेशनला उतरून फलाटावरच थांबायचं. नको तसा स्पर्श, नको तशी सलगी यावर तळमजल्यावरच्या सिस्टरबाई स्वतंत्र बोलतील, काका आणि मी खोलीत नसू.

तिथेच परवलीच्या शब्दाचं निघालं. हल्ली मुलाच्या आवाजाची नक्कल करून "आई, मी अडकलोय, पैसे पाठव" असे फोन येतात. प्रत्येक घराने एक गुपित शब्द ठरवायचा, फोनवर तो विचारायचा. कल्पना सर्वांना पटली. रात्री आठला पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून तिसऱ्या मजल्यावरच्या लेकाला ओरडून विचारत होत्या, "अरे, आपला शब्द भोपळा की दोडका?"

गोलकीपरची आई पोराला उद्यापासून पाठवणार नाही म्हणाली.

२२ मे, गुरुवार

कोथिंबीरवाल्याने वहीत लिहून आणलं : "आजच्या बाजारभेटीतून मला आर्थिक नियोजनाचे महत्त्व आणि स्थानिक शेतकऱ्यांप्रती कृतज्ञता यांची अनुभूती मिळाली." आज मी त्याला दाढीचं ब्लेड आणायला पाठवलं होतं.

मोबाइलवरच्या एआयने लिहून दिलं, त्याने लपवलंही नाही. मी रागावले नाही. म्हटलं, ठीक, आता त्यालाच विचार की दुकानदाराने तुला सुटे किती परत दिले. तो हसला. मग बसून लिहिलं : "दुकानदाराने सुटे नाही म्हणून दोन चॉकलेटं दिली. मी म्हटलं चॉकलेट नको, पैसे द्या. त्याने दिले." तीन आठवड्यांपूर्वी हा बोट दाखवत होता.

याच दिवशी यूपीआय. घोकून घेतलं ते एकच : पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणारा चोर. फसलंच तर लगेच १९३०.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत. गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधी नाही, नेहमीची तारीख ११ जून. उद्या मुलांना वरळीपर्यंतची नवी भुयारी मेट्रो दाखवायची ठरली होती. ती सोळा दिवसांपूर्वी चालू झाली आणि आज आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी.

हिंदमाता चौकात पाणी भरलं. तेरा वर्षांची मुलगी दळण आणायला गेलेली, सकाळी, पाऊस मोठा होण्याआधी. मी मागे नव्हते, आता मोठ्या मुलांच्या मागे जात नाही. दीड तास आली नाही. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. तिची आई मात्र भाजी चिरत होती. म्हणाली, "गिरणीत बसली असेल."

गिरणीतच बसली होती. गुडघाभर पाणी बघितल्यावर गिरणीवाल्याच्या फोनवरून आईला कळवलं होतं : मी इथेच थांबते, पीठ भिजेल. आईने मला सांगायचं राहून गेलं. पाण्यात न उतरणं कुठून सुचलं विचारलं तर म्हणाली, "पाण्याखाली झाकण उघडं असेल तर? काका म्हणाले होते ना." २०१७ च्या पावसात प्रभादेवीजवळ उघड्या मॅनहोलमध्ये एक नावाजलेले डॉक्टर गेले, ते काकांनी सांगितलेलं तिला आठवलं. वर पीठ भिजेल ही काळजी तिची स्वतःची.

धाकटीच्या पायाला जखम आहे आणि ती पाण्यातून आली. पाय साबणाने धुवायला लावले, लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळीसाठी आईला दवाखान्यात पाठवलं. तीन दिवसांच्या आत घ्यावी लागते.

३ जून, मंगळवार

बटण शिवणं, फक्त मुलगे. टोचून घेण्याचा निकाल : पाच मुलगे, नऊ वेळा. एका आईने खिडकीतून पाहून पदर तोंडाला लावला. मुलींना ओटा सोडू देत नाहीत आणि मुलग्यांना ओट्यापाशी येऊ देत नाहीत, असं चाललंय घरोघर.

दुपारी तीन मुलांना घेऊन एका बँकेत गेले, मुलांना खातं उघडायला. दहा वर्षांवरील मूल स्वतः बचत खातं उघडू आणि चालवू शकतं, रिझर्व्ह बँकेचं २१ एप्रिलचं परिपत्रक आहे. बँकांना १ जुलैपर्यंत मुदत आहे, त्यामुळे खिडकीतल्या मुलाने "पालक आणा" म्हटलं ते चूक नव्हे. चष्मेवालीने त्याला परिपत्रकाची तारीख सांगितली. त्याने लिहून घेतली. काउंटरच्या या बाजूने मला पहिल्यांदाच मजा आली.

९ जून, सोमवार

सकाळी मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडली, गेली. दारात लटकलेली होती. आजची रेल्वेची पाठवणी रद्द. मुलांना एवढंच सांगितलं की गाडी सोडणं हेही काम आहे, उशिरा आलात म्हणून पैसे कापणार नाही. कोथिंबीरवाला म्हणाला, "मावशी, पप्पा रोज दारातच असतात. ते सोडू शकत नाहीत." याला माझ्याकडे पाठवणी नव्हती.

१५ जून, रविवार

उद्या शाळा. शेवटचा हिशेब मुलांनीच केला, मी फक्त बसले.

जमा १५००. वह्या २२०. बस-लोकलची तिकिटं ४१०. पट्ट्या, कापूस, ओआरएसचा सराव (लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ) १४५. पोहे, तेल, पीठ वगैरे ३८०. खर्च ११५५. उरायला हवे ३४५. डब्यात ३३१.

चौदा रुपये कमी. तीनदा मोजले. गोलकीपर आला होता, आईनेच पाठवलं, सोबत डबाभर थालीपीठं. त्यानेही मोजले. ३३१.

बँकेत कमी आलं तर आम्ही खिशातून भरायचो आणि रजिस्टर बंद करायचो. माझा हात पर्सकडे गेलाही. धाकटीने पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही टाकले तर कळणारच नाही ना कुठे गेले."

वहीत लिहिलंय : तूट १४ रुपये, शोध चालू. अक्षर तिचं.